प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची रात्र आणि पाठीतील नळी

सुलतानपूर, लोणार, मेहकर परिसरातून प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस हमखास विचारतात, ‘‘पाठीत सुई दिल्यावर कंबर कायमची जाईल का हो?’’ आम्ही वाणिज्य शाखेचे. भूलतज्ज्ञांकडून जे समजून घेतले ते येथे नम्रपणे मांडतो.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील अरुंद जागेत बधिरीकरणाचे औषध सोडले की त्या भागातील नसा वेदना पोहोचवीत नाहीत. हेच एपिड्युरल. स्पेनचे लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. क्युबातील डॉ. कुर्बेलो यांनी १९४७ मध्ये तेथे बारीक नळीच ठेवली. ती मूळची मूत्रवाहिनीत घालावयाची नळी होती, याची आम्हांस मोठी गंमत वाटते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस बहुधा पाठीतील एकच इंजेक्शन व नंतर साधी वेदनाशामके पुरतात. तेथे या नळीचा आग्रह नसावा. पोट उघडून ग्रंथी काढावी लागल्यास मात्र तिचा खरा उपयोग होतो. आपल्याकडील वृद्ध दुखले तरी सांगत नाहीत. टाके ताणतील म्हणून खोकणे टाळतात, मग छातीत कफ साचतो. नळीतून सौम्य औषध मिळत राहिल्यास ते मोकळा श्वास घेतात, लवकर उठून बसतात. सुईच्या जागी काही दिवस दुखते. कंबर त्यामुळे कायमची जात नाही.

धोके आहेतच. रक्तदाब उतरतो, पाय जड होतात. फार क्वचित मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आधीच द्यावी. गोळी परस्पर बंद मात्र करू नये. एका आजोबांच्या बंडीच्या खिशात अशी गोळी आयत्या वेळी सापडली. ‘‘ती तर हृदयाची, तिचा इथं काय संबंध?’’ असे मुलगा म्हणाला. शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलावी लागली.

औषधाचा पंप एकदाच घ्यावा लागतो आणि त्यावर दात्याचे नावही घालता येते. परंतु रात्रभर श्वास, रक्तदाब व पायांची हालचाल तपासून नोंदविणारी प्रशिक्षित परिचारिका रोज लागते. ती उपलब्ध नसेल त्या रात्री एपिड्युरल चालू ठेवावयाचे नाही, असा आमचा नियम आहे. देणगीदारांनी यंदा यंत्रांऐवजी रात्रपाळीच्या वेतनासाठी साहाय्य करावे, ही विनंती.