आधी अर्थिंग बघ

अगं, काल फोनवर तू एका दमात सांगितलंस ते सगळं मी नीट ऐकलं. डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला की शेजारचा लाल दिवाही त्याच तालात फडफडतो. ब्रेक दाबला की लाल दिवा नुसता मिणमिणतो आणि इंडिकेटरमध्ये अंधूक उजेड येतो. आणि वायरिंगवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारून सांगून टाकलं, सगळी वायरिंगच बदलावी लागेल. गाडी जुनी बोलेरो पिकअप, तुझ्याकडे येण्याआधी दोन-तीन हातांतून गेलेली, म्हणून तुलाही ते पटलं.

पण थांब. त्याला अजून हो म्हणू नकोस. तू सांगितलीस ती लक्षणं मागच्या दिव्याचं अर्थिंग गेल्याची आहेत. वायरिंग आहे तशीच राहू दे.

आधी आत काय होतंय ते समजून घे, म्हणजे पुढे कुणी तुला घाबरवणार नाही. आपल्या गाडीला बारा व्होल्टची बॅटरी. पॉझिटिव्ह वायरीतून दिव्यापर्यंत येतो, पण परत जायला बहुतेक वाट चेसिसची असते. मागच्या प्रत्येक दिव्यातून एक अर्थिंगची वायर निघते आणि जवळच चेसिसला नाहीतर बॉडीला एका बोल्टने आवळलेली असते. त्या दिव्यातल्या ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर या सगळ्यांना परतीची वाट तेवढी एकच. तो बोल्ट गंजला की करंट अडतो आणि दुसरी वाट शोधतो. वाफ्याचं तोंड बुजलं की पाटाचं पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरतं, तसंच हे. ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या तारेतून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमधून चेसिसला मिळतो. बल्ब एकामागे एक पडल्यामुळे कुणालाच पुरेसा जोर मिळत नाही, म्हणून सगळे मंद.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. चार-पाच फूट जाड वायर घे, दोन्ही टोकं सोल. एक टोक दिव्याच्या अर्थिंगच्या पिनेला लाव, दुसरं चेसिसच्या अशा जागी जिथे रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसतंय. कुणाला तरी ब्रेक दाबायला बसव. डावा दिवा एकदम लखलखीत लागला, तर चोर सापडला. तुझ्याकडे मल्टीमीटर असेल तर आणखी पक्कं कळेल. ब्रेक दाबलेला असताना एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लाव. अर्थिंग चांगलं असेल तर आकडा शून्याच्या आसपास राहतो, फार तर एक-दोन दशांश व्होल्ट. तिथे दोन-चार व्होल्ट दिसले तर वाट बंद आहे. दिव्याच्या पॉझिटिव्हवर बारा व्होल्ट आले म्हणून समाधान मानून बसू नकोस. खूप जण इथेच फसतात, कारण बल्ब लागायला परतीची वाटही तेवढीच लागते.

आता तो बोल्ट. हौद्याखाली वाकून बघशील तेव्हा तो तुला पटकन दिसणारही नाही. चिखल, डिझेलचा राप, आणि टोमॅटोच्या क्रेटमधून गळलेलं आंबट पाणी यांचा एक काळपट थर त्यावर बसलेला असतो. नारायणगावच्या बाजाराला हंगामभर फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तर विचारूच नकोस. ते पाणी फाळक्याच्या फटीतून नेमकं दिव्यांच्याच बाजूला उतरतं. नट सोडव, वायरच्या टोकाचं थिंबल बाहेर काढ. त्यावर हिरवट बुरा धरलेला असेल, तो खरवडून निघाला तर ठीक, नाहीतर थिंबल नवं लाव. चेसिसची जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं कर, दातेरी वॉशर टाक, घट्ट आवळ आणि मगच वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपड. ग्रीस आधी लावू नकोस, आधी धातूला धातू भिडू दे.

हे करताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असू देत. आणि वायर तोडायची-जोडायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढ. एवढं माझं ऐक.

अर्थिंग नीट झाल्यावरही काही राहिलं तर मग बल्बकडे जा. मागचा लाल बल्ब दोन तारांचा असतो, एक एकवीस वॅटची ब्रेकसाठी आणि एक पाच वॅटची पार्किंगसाठी. त्याच्या बुडाजवळच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, बल्ब उलटा बसू नये म्हणून. पण जुन्या होल्डरमध्ये जोर लावून उलटा बसवलेला मी पाहिलाय. मग पार्किंगला भगभगीत उजेड आणि ब्रेक दाबला की काहीच फरक नाही. मागून येणाऱ्याला कळतच नाही की तू थांबते आहेस. दुसरी खोड याहून वाईट. दोन तारांच्या बल्बाच्या जागी कुणीतरी एका तारेचा बल्ब बसवतो. त्याचं बुडाचं टोक होल्डरच्या दोन्ही पिनांना चिकटतं आणि दोन सर्किट एक होतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे लागत असतील तर दुसरं काही उघडण्याआधी मागचे बल्ब काढून बघ. होल्डरच्या पिना दाबल्यावर उसळत नसतील किंवा प्लास्टिक वितळून पिवळं पडलं असेल, तर होल्डर बदल. नवा बल्ब घालून तिथे काही उपयोग नाही.

एलईडीच्या बल्बाचा मोह आत्ता नको. करंट कमी ओढतो म्हणून इंडिकेटर घाईघाईने टकटक करायला लागतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

दोन्ही बाजूंचे ब्रेक दिवे एकदम गेले आणि पार्किंग मात्र लागतंय, तर मागे शोधू नकोस, पेडलजवळचा स्विच बघ. उलट ब्रेक दिवा सतत लागून राहत असेल तर पेडलवर स्विचला टेकणारी रबरी टिकली गळून पडली आहे का ते बघ. छोटीशी वस्तू असते, पण रात्रभरात बॅटरी बसवते. आणि पार्किंगही नाही, ब्रेकही नाही, तर आधी फ्यूज. लाल फ्यूज दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. जो होता तोच घाल. चॉकलेटची चांदी, तारेचा तुकडा, मोठा फ्यूज, यांपैकी काहीही नाही, बाजारात पोचायला कितीही उशीर झाला तरी नाही. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. तो उडेनासा केला की जळायची पाळी वायरीवर येते, आणि ती वायर केबिनपासून चेसिसच्या कडेने, डिझेलच्या टाकीशेजारून मागे गेलेली असते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वायर कुठेतरी सोलून लोखंडाला टेकते आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा भाग, क्लिप तुटून वायर लोंबते ती जागा आणि दिव्यांच्या मागचा कोपरा, एवढं हाताने चाचपून बघ. सापडली तर नुसती पिळून टेप गुंडाळू नकोस. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि पावसाळ्यात आत पाणी जातं. डाग लावून वर हीट श्रिंकची नळी चढव. वॉशिंग सेंटरलाही सांग, दिव्यांच्या सांध्यावर प्रेशरचं पाणी मारू नका म्हणून.

आणखी एक, मनातलं सांगते. गॅरेजमध्ये बाई एकटी गेली की बरेचदा तिला आकडा आधी सांगतात आणि दोष नंतर शोधतात. तू तिथे जाऊन "लाइट लागत नाही" एवढंच म्हणू नकोस. "डाव्या बाजूचं अर्थिंग बघा, ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो," असं म्हण आणि बाजूला उभी राहा. आवाज चढवायची गरज नाही. सगळ्यांना लगेच कळतं की हिला गाडी माहीत आहे. आणि चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागवत नाही, उलट खूश होतो.

तुला वाटेल, एका दिव्यासाठी ताई केवढं बोलते. पण पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे निघणारी तू, हौद्यात माल, वेग कमी, आणि मागे रिकामा कंटेनर जोरात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा आणि नंबर प्लेटवर पांढरा उजेड एवढा हवा की १५.५ मीटरवरून आकडे वाचता यावेत. ताशी ८० च्या वेगाने येणारी गाडी हे १५५ मीटर जेमतेम सात सेकंदांत तोडते. दिवा अर्धवट असेल तर त्यातले निम्मे सेकंद तुझ्या नकळत गेलेले असतात. गाडी आठ वर्षांवरची असली तर फिटनेस दरवर्षी असतो, तिथेही हे दिवे बघतात. पण मी फिटनेससाठी सांगत नाहीये, तुझ्यासाठी सांगते आहे.

फाळक्यावर लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टीही लावून घे, जुनी चिखलाने मेली असेल. दिवा कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि पट्टीला वायर लागत नाही.

उद्या उजेड असतानाच बोल्ट काढ. संध्याकाळी अंधार पडला की कुणाला तरी गाडीमागे पन्नास पावलांवर उभं कर, आणि पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स आणि नंबर प्लेट एकेक करून दाखव. मग पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाब, अर्थिंगचा दोष तेव्हाच उघडा पडतो. सगळं लागलं की मला फोन कर. आणि तोपर्यंत पहाटेची खेप घेऊ नकोस गं, व्यापाऱ्याला सांग, माल उजाडल्यावर येईल.