लष्कर : छावणीचे नगर कसे झाले

ग्वाल्हेरविषयी लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात, गोपाचलाच्या कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या विशाल मूर्ती आपणां सर्वांस वंद्य आहेत. परंतु आपल्या पेढ्या ज्या लष्करात आहेत, ते त्या जुन्या शहराचे अपत्य नव्हे. त्याची जन्मकथा निराळी असून ती धान्याच्या व्यापाऱ्याने सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

1810 साली दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी उज्जैनहून इकडे आणली व किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. फौजेचा तळ म्हणून त्यास लष्कर हेच नाव पडले. आता तळ म्हटला की आज येथे, उद्या तेथे. मग हा उठला का नाही? दरबाराची मर्जी हे एक कारण खरे. पण आम्हांस दुसरे अधिक वजनदार वाटते. शिपाई, घोडे, हत्ती, बैल आणि बाजारबुणगे यांस रोज दाणावैरण लागते. तांड्यांच्या बैलांवरून येणारे धान्य उतरावयास जागा, साठवावयास कोठार, तोलावयास मापारी आणि उधार देणारा सावकार लागतो. तंबू घटकाभरात उतरतो. भरलेले कोठार आणि वहीतील येणे तसे उचलता येत नाही.

नावेच पाहावीत. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जयेंद्रगंज; आणि गंज म्हणजे धान्याची पेठ. शिंदे की छावनी व कंपू ही नावे शिपायांची. चिटणीस की गोठ यातील गोठ म्हणजे आपला मराठी गोटच, असे आमचे मत आहे. (तरुण मंडळी यावर हसतात, हे आम्ही जाणतो.)

पुढे माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दोन फुटी रुळांची छोटी गाडी भिंड, शिवपुरी व श्योपूरकडे धावू लागली आणि दूरचा मुलूख या बाजारास जोडला गेला. ती गाडी 2020 साली बंद झाली.

खरी कसोटी त्याआधीच होऊन गेली होती. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा ग्वाल्हेरकडे निदान हिवाळी राजधानीचा मान राहिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दरबार गेला की गावाची रया जाते, असा अनुभव पुष्कळ संस्थानी गावांना आला आहे. येथे फौज गेली, दरबार गेला, राजधानीही गेली. तरी डाळी-धान्याचा घाऊक व्यवहार दाल बाजारात आजही चालू आहे.

राजवाड्यांविषयी पुस्तके आहेत. गव्हाचा, हरभऱ्याचा भाव कोणत्या साली काय होता, कोणत्या दुष्काळात कोणी किती उधार दिले, हे मात्र आपल्या जुन्या वह्यांतच सापडेल. दर दिवाळीस माळे साफ होतात व त्या रद्दीत जातात. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या असतील, त्यांनी यंदा त्या संघाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. ती लिपी वाचणारे दोन-तीन वृद्ध सभासद अद्याप आपल्यांत आहेत.