शेतमालाची जाहिरात आणि समाजमाध्यमें

"पिकतें तेथें विकत नाहीं" ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं अनुभवावरूनच केली आहे. आपल्या परभणी जिल्ह्यांत पिकवावें कसें, या विद्येची उपेक्षा झालेली नाहीं. हैदराबाद संस्थानच्या काळांत १९१८ सालीं परभणीस शेतीचें मुख्य प्रयोगक्षेत्र निघालें, १९५६ सालीं कृषि महाविद्यालय आलें आणि १८ मे १९७२ रोजीं कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. भेंडीचा 'परभणी क्रांति' व ज्वारीचा 'परभणी मोती' हे वाण येथूनच बाहेर पडले. विकावें कसें, ही विद्या मात्र आम्ही आडत्याच्या गादीवर ठेवून आलों. माल गाडींत भरावा, मानवत, सेलू किंवा परभणीच्या बाजारांत न्यावा, आणि पुकारला जाईल तो भाव पदरांत घेऊन परत यावें, एवढाच आमचा व्यापार.

आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांवरून शेतांतील माल थेट पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत विकतां येतो, असें तरुण मंडळी सांगतात. तें खरें आहे काय, व असल्यास त्याची रीत कोणती, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

किर्लोस्करवाडीचा धडा

ही रीत नवी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला तेव्हां त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम होता. परंतु केवळ "आमचा नांगर उत्तम" असें ओरडून ती समजूत जाणारी नव्हती. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र सुरू केलें. तें निघालें कारखान्याचें पत्र म्हणून. परंतु त्यांत वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर येऊं लागला, आणि पाहतां पाहतां तें मराठी घरांत आवडीनें वाचलें जाणारें मासिक झालें. १९२९ सालीं त्याचें नांव 'किर्लोस्कर' झालें. ज्या घरांत मासिक जाई, त्या घरांत नांगर करणाऱ्याचें नांवही आपोआप जाई.

अमेरिकेंत हाच विचार आणखी आधीं झाला होता. नांगर करणाऱ्या डियर कंपनीनें १८९५ सालीं 'द फरो' नांवाचें पत्र काढलें. फरो म्हणजे नांगराचें तास. त्यांत शेतकऱ्याच्या कामाची माहिती असे, आणि तें पत्र आजही निघतें.

दोन्हीं उदाहरणांचें सार एकच आहे: प्रथम वाचकाच्या उपयोगाचें कांहीं द्यावें, विश्वास जमवावा, आणि मग माल पुढें करावा. छापखाना जाऊन मोबाईल आला, म्हणून हा क्रम बदललेला नाहीं.

आमचा अनुभव

आमच्या मंडळांतील कांहीं सभासदांनीं हळद पूड करून विकण्याचें ठरविलें, तेव्हां आम्हींही प्रथम हा क्रम उलटाच धरला. ताटांत पूड घेऊन तिचें छायाचित्र काढलें, वर "अस्सल हळद, माफक दर" असें लिहिलें आणि दररोज सकाळीं ओळखीच्या सर्व समूहांवर तेंच पाठविलें. उत्तरादाखल अंगठे व नमस्कार पुष्कळ आले. मागणी फारशी आली नाहीं. दोन समूहांनीं तर आम्हांस काढून टाकलें, आणि तें योग्यच झालें.

मग एका सभासदाच्या मुलानें सहज एक लहानसें चलचित्र घेतलें. त्याची आजी कढईंतील हळदीची शिजवण तपासत होती. फेस आला, वास सुटला. तिनें एक हळकुंड उचललें, त्यांत काडी रोवली आणि ती सहज आंत गेली तेव्हां "आतां उतरवा" म्हणाली. एवढेंच. परंतु तें पाहून पुण्याच्या बायकांनीं प्रश्न विचारले: कच्ची राहिली तर काय होतें? वाळवण किती दिवस? रंग कशानें टिकतो? आम्हीं उत्तरें दिलीं, आणि ज्यांनीं प्रश्न विचारले त्यांतूनच पहिलीं खरीं गिऱ्हाइकें मिळालीं.

यापुढील गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगणें अवश्य आहे. मागणी वाढली, घरची हळद संपली, आणि आमच्यांतील एकानें बाजारांतून हळकुंडें घेऊन, तीं दळून, आपल्याच नांवाच्या पिशवींत भरून पाठविलीं. रंगांतील व वासांतील फरक गिऱ्हाइकांनीं ओळखला. एका बाईंनीं एवढेंच लिहिलें, "ही आजींची हळद नाहीं." तीं घरें आम्हांस पुन्हा मिळालीं नाहींत. आडत्याच्या ढिगांत माल गेला कीं तो निनांवी होतो. येथें प्रत्येक पिशवीवर आपलें नांव असतें. हाच या व्यापाराचा लाभ आणि हाच त्याचा धोका. माल संपला तर "संपला, पुढील हंगामांत" असें लिहावें. त्यानें पत वाढते.

कोणता माल व किती

कापूस व सोयाबीन ही मोबाईलवर विकण्याची पिकें नव्हेत. तीं जिनिंगला व गिरणीलाच जावयाचीं. जो माल शेतांतून निघून थोड्या प्रक्रियेनें थेट चुलीपर्यंत जातो, तोच येथें योग्य: हळद, ज्वारी, तुरीची डाळ, तीळ, मोसंबी, गूळ. त्यांतही आरंभीं पिकाचा दहावा हिस्साच या मार्गानें घालावा. बाकीचा माल नेहमींच्या बाजारांत जाऊं द्यावा.

हिशेबाची रीत पुढीलप्रमाणें. आंकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकानें आपले घालावे. समजा, १०० किलो हळकुंडांचा बाजारभाव किलोस १४० रुपये, म्हणजे १४,००० रुपये येतात. दळतांना ५ किलो घट धरली तर पूड ९५ किलो. दळणावळ १,५०० रुपये, पिशव्या व लेबलें ९५० रुपये, टपालखर्च किलोस ४० प्रमाणें ३,८०० रुपये. एकूण खर्च ६,२५० रुपये. तीन पिशव्या फुटल्या अगर परत आल्या, म्हणून ९२ किलोचेच पैसे हातीं येतात; २६० रुपये दरानें ते २३,९२० रुपये होतात. खर्च वजा जातां उरतात १७,६७० रुपये. बाजारापेक्षां ३,६७० रुपये अधिक. परंतु पिशव्या भरणें, पत्ते लिहिणें, फोन घेणें यांत घरच्या माणसांचे सहा दिवस गेले. रोज ४०० रुपये धरल्यास २,४०० रुपये. खरा लाभ १,२७० रुपये, म्हणजे हळकुंडाच्या किलोमागें पावणेतेरा रुपयेही पुरते नाहींत.

१४० आणि २६० यांतील १२० रुपयांचा फरक पाहून जो हुरळतो, त्यानें हा हिशेब दोनदां वाचावा. लाभ वाढविण्याचा मार्ग दर वाढविणें हा नसून खर्च कमी करणें हा आहे. एकाच वसाहतींतील पांच घरांचा माल एका पत्त्यावर पाठविल्यानें टपालखर्च निम्म्यावर आला, तर याच उदाहरणांत १,९०० रुपये आणखी वांचतात. म्हणून पहिलीं गिऱ्हाइकें गांव सोडून नोकरीसाठीं गेलेल्या आप्तांच्या शेजारांतच शोधावीं.

काय सांगावें

रोज नवें काय सांगावें, अशी अडचण पुष्कळांस वाटते. शेतकऱ्यास ती पडूंच नये, कारण त्याचें शेत रोज बदलत असतें. हळदीचेंच घ्या. लागवडीच्या वेळीं बेणें कसें निवडलें, पावसाळ्यांत भरणी कां लावली, पाला कापून काढणी केव्हां केली, शिजवण, वाळवण, पॉलिश, दळण अशीं आठ-दहा प्रकरणें एका हंगामांत सहज होतात. आठवड्यास एक पुरें. चित्र सकाळच्या उन्हांत काढावें. मालाशेजारीं हात अगर वाटी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. भाषा घरांत बोलतों तीच असावी. पावसानें नुकसान झालें तर तेंही सांगावें.

गिऱ्हाइकाच्या उपयोगाचेंही सांगावें. उदाहरणार्थ, पेलाभर पाण्यांत चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद पाण्यास फिकट पिवळा रंग देऊन तळाशीं बसते, कृत्रिम रंग असल्यास पाणी गडद पिवळें होतें. ही परीक्षा जो स्वतःच्या मालावर करून दाखवितो, त्यास "अस्सल" हा शब्द लिहावा लागत नाहीं.

कोठें व कसें सांगावें

व्यवसायासाठीं व्हॉट्सॲपचें निराळें विनामूल्य ॲप आहे. त्यांत मालाची चित्रें, वजन व दर यांची यादी लावून ठेवतां येते. सामान्यतः एका प्रसारण-यादींत २५६ नांवें बसतात, आणि ज्यानें आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्यें जतन केला आहे त्यालाच संदेश पोंचतो. म्हणून पहिल्या पिशवीबरोबर चिठ्ठी घालावी कीं, "आमचा क्रमांक जतन करावा." न विचारतां कोणासही समूहांत ओढूं नये.

दुसऱ्याच्या जमिनींत विहीर खणणें शहाणपणाचें नव्हे. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. ज्यांनीं तेथें वर्षानुवर्षें प्रेक्षक जमविले होते, त्यांची ती सर्व कमाई एका रात्रींत गेली. यास्तव गिऱ्हाइकाचें नांव, गांव, क्रमांक, काय घेतलें व काय म्हणाला, हें सारें आपल्या वहींत लिहून ठेवावें. माध्यम बदललें तरी वही आपली राहते. मात्र ती माहिती दुसऱ्यास देऊं अगर विकूं नये.

कायदा आणि सावधगिरी

शेतांतील कच्च्या मालास अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होत नाहीं. परंतु हळदीची पूड किंवा डाळ करून विकूं लागलों कीं त्या कायद्याखालीं नोंदणी अगर परवाना लागतो. बंद पिशवीवर मालाचें नांव, निव्वळ वजन, बांधणीचा महिना, किंमत व आपला पत्ता असावा. "सेंद्रिय" हा शब्द सैलपणें वापरूं नये. त्यास प्रमाणीकरणाचे नियम आहेत.

सर्वांत मोठा मोह औषधी गुण सांगण्याचा. हळदीनें कर्करोग जातो, अमुक धान्यानें मधुमेह बरा होतो, असें लिहिणें १९५४ च्या औषध व जादुई उपचार कायद्याविरुद्ध आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या अन्नाच्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जें सिद्ध आहे तेवढेंच सांगावें. २०१८ सालीं प्रसारित झालेल्या 'परभणी शक्ति' ज्वारींत किलोमागें लोह सुमारें ४५ व जस्त ३२ मिलिग्रॅम असतें. सामान्य वाणांत तें अनुक्रमें ३० व २० च्या आसपास असतें. हें सांगावें, परंतु बियाणें खरोखर तेंच पेरलें असेल आणि त्याची पावती जवळ असेल, तरच. "रक्तक्षय बरा होतो" हें मात्र लिहूं नये.

ठकांपासूनही जपावें. मोठी मागणी नोंदवून, "पैसे पाठवितों, एवढा कोड स्कॅन करा, पिन घाला" असें सांगणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. पैसे खात्यांत जमा झाल्याचें स्वतः पाहूनच माल पाठवावा. दाखविलेल्या चित्रावर भरंवसा ठेवूं नये.

शेवटची विनंति

येत्या हंगामांत वाचक बंधूंनीं मोठा खटाटोप करूं नये. एक पीक, एक वही, आठवड्यास एक खरी गोष्ट आणि वीस घरें, एवढ्यावर आरंभ करावा. हंगाम संपल्यावर त्या वीस घरांपैकीं किती घरांनीं दुसऱ्यांदा माल मागविला, तें मोजावें. अंगठे व नमस्कार मोजूं नयेत. दुसरी मागणी हीच आपल्या जाहिरातीची आणि आपल्या मालाची खरी परीक्षा होय.