घरच्या संगणकाची अद्यतने : स्थगिती किती आणि कशासाठी?

शाळेचा निकाल तयार करणारे शिक्षक, अहवाल घरी पुरा करणारे कर्मचारी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी ऑनलाइन अर्ज भरणारे शेतकरी, या सर्वांना एक अडचण सारखीच जाणवते. काम ऐन भरात असताना पडद्यावर ‘अपडेट’ची सूचना झळकते आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होण्यात बराच वेळ जातो. मोबाइलवरून संगणकाला इंटरनेट जोडलेले असल्यास दिवसाचा डेटाही त्यातच संपतो. अशा वेळी काही जण अद्यतने कायमची बंद करण्याचा मार्ग शोधतात. हा मार्ग घातक आहे. अद्यतने ठराविक मुदतीपुरती थांबविण्याची सोय मात्र संगणकातच दिलेली असून ती जाणून घेणे अगत्याचे आहे.

अद्यतन म्हणजे काय?

संगणकाची सर्व कामे ज्या मूळ प्रणालीच्या आधाराने चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरगुती संगणकांवर बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तिच्यात आढळलेल्या उणिवा दूर करणारी दुरुस्ती म्हणजे अद्यतन. सुरक्षाविषयक दुरुस्त्या नियमाने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दिल्या जातात. ही प्रथा २००३ साली सुरू झाली. भारतीय वेळेनुसार त्या मंगळवारी रात्री उशिरा उपलब्ध होतात. नव्या सोयींचे मोठे अद्यतन याहून वेगळे असून ते सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा येते.

दोन बोलकी उदाहरणे

थोडे थांबणे केव्हा हिताचे ठरते, हे २०१८ सालच्या घटनेवरून दिसते. त्या वर्षी २ ऑक्टोबर रोजी विंडोज १० चे मोठे अद्यतन वितरित होऊ लागले. ते बसविल्यावर काही संगणकांतील कागदपत्रे व छायाचित्रे नाहीशी झाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने काही दिवसांतच वितरण थांबविले व दोष दूर करून १३ नोव्हेंबरपासून ते पुन्हा सुरू केले. ज्यांनी घाई केली नाही, त्यांचे काहीच बिघडले नाही.

फार काळ थांबण्याचा धोका २०१७ साली दिसून आला. विंडोजमधील एक गंभीर उणीव दूर करणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी देण्यात आली होती. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या या प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील संगणकांना ग्रासले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांची कामेही त्यामुळे खोळंबली. दुरुस्ती उपलब्ध होती, परंतु अनेकांनी ती बसविली नव्हती.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखाद्याने १४ मार्चपासून ३५ दिवसांची स्थगिती घेतली असती, तर ती १८ एप्रिलला संपली असती. त्यानंतर लगेच दुरुस्ती बसविणाऱ्याचा संगणक १२ मेच्या हल्ल्यापूर्वी २४ दिवस सुरक्षित झाला असता. अद्यतने कायमची बंद ठेवणाऱ्यास मात्र असे संरक्षण मिळाले नसते.

तथापि ३५ दिवस नेहमीच निर्धोक असतात, असेही नाही. दुरुस्ती जाहीर झाली की जुन्या व नव्या फायली ताडून उणीव नेमकी कोठे होती हे लबाडांनाही शोधता येते. एका कोठीचे बीळ बुजविले की न बुजविलेल्या कोठ्यांकडे उंदरांचे लक्ष वळावे, तसाच हा प्रकार होय. यास्तव स्थगिती गरजेपुरतीच घ्यावी.

स्थगिती घेण्याची रीत

१. ‘स्टार्ट’वर क्लिक करून ‘सेटिंग्ज’ उघडावे व त्यातील ‘विंडोज अपडेट’ निवडावे.

२. विंडोज ११ मध्ये ‘पॉज अपडेट्स’समोर १ ते ५ आठवड्यांची मुदत निवडता येते.

३. मुदत संपण्याची तारीख पडद्यावर दिसते. ती घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

४. काम आटोपताच, मुदतीची वाट न पाहता, ‘रिझ्यूम अपडेट्स’ निवडून स्थगिती उठवावी.

अडचण केवळ वेळेची असेल, तर स्थगितीची गरज नसते. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये कामाचे तास नोंदवावेत. त्या तासांत संगणक अद्यतनासाठी आपणहून बंद होत नाही. हे तास दिवसाला कमाल १८ ठेवता येतात. अडचण डेटाची असेल, तर मोबाइलच्या जोडणीस ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करावी. त्यामुळे बहुतेक अद्यतने त्या जोडणीवरून आपोआप उतरत नाहीत. मात्र पुरेसा डेटा वा दुसरी जोडणी मिळताच ती उतरवून घेण्यास विसरू नये.

घ्यावयाची दक्षता

परीक्षांचे निकाल, अर्जाची अंतिम तारीख, वीज वारंवार खंडित होण्याचे दिवस किंवा प्रवास ही स्थगितीची रास्त कारणे आहेत. सूचनेचा कंटाळा हे रास्त कारण नव्हे. स्थगिती उठविण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, लॅपटॉप चार्जरला जोडावा आणि अद्यतन चालू असता संगणक मध्येच बंद करू नये.

विंडोज १० साठीचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्या संगणकावर ती प्रणाली आहे, त्यांनी स्थगितीचा विचार सोडून, संगणक योग्य असल्यास विंडोज ११ कडे वळावे. कार्यालयीन संगणकांबाबत कोणीही स्वतः बदल न करता तेथील तांत्रिक शाखेच्या सूचना पाळाव्यात.

स्थगिती ही सवलत आहे, सुटका नव्हे. शेतसाऱ्यास मुदतवाढ मिळाली म्हणून सारा माफ होत नाही. अद्यतनाचेही तसेच आहे. ते सोयीच्या दिवशी करावे, परंतु ठरल्या मुदतीत अवश्य करावे.