फिनेलचा वास आणि रुग्णालयाची स्वच्छता

प्रश्न : वडिलांना शस्त्रक्रियेसाठी नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात दाखल करावयाचे आहे; पण तेथील रुग्णांच्या ऑक्टोबर 2023 मधील मृत्यूंच्या बातम्यांपासून घरची मंडळी धास्तावली आहेत. फिनेलचा उग्र वास येणारा, खिडक्या बंद असलेला वॉर्ड सुरक्षित समजावा काय?
– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : आपली चिंता स्वाभाविक आहे; तथापि त्या मृत्यूंच्या चर्चेत औषधपुरवठा, मनुष्यबळ आणि अत्यवस्थ स्थितीत आलेले रुग्ण असे अनेक मुद्दे होते, त्यामुळे केवळ त्यावरून शस्त्रक्रिया लांबवू नये. वास हा निर्जंतुकतेचा दाखला नव्हे. मळ आधी साबणाच्या पाण्याने निघाल्याखेरीज कोणतेही जंतुनाशक पुरते काम करीत नाही. शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा यंत्राने खेळवितात, परंतु साध्या वॉर्डात, क्षयासारखे रोग हवेतून पसरत असल्याने, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असणेच हितावह.

जंतूंचा मुख्य वाहक मात्र हात. 1847 साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा शिरस्ता घातला, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा ‘हात स्वच्छ केलेत ना?’ असे परिचारिकेस वा डॉक्टरांस विनयाने विचारण्यास हरकत नाही. पलंगाचा कठडा आणि लॉकर रोज पुसून घ्यावा. भेटीस जाणे हे आपल्याकडे कर्तव्यच मानतात, तरी सोबतीस एकच माणूस ठेवावा. खोकला असलेल्या आप्तांना घरीच थांबण्याची ताकीद द्यावी. घरी हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक वापरल्यास ते आम्लात कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. जखमेस लाली वा पू दिसल्यास किंवा ताप आल्यास उरलेली प्रतिजैविके परस्पर न देता शल्यचिकित्सकांस तत्काळ कळवावे.