‘लीडर’ या शब्दाचा अर्थ



‘लीडर’ हा इंग्रजी शब्द आपल्या वस्त्यांतून आता मराठीच होऊन बसला आहे. ज्याला हार घालायचा, ज्याच्या गाडीची वाट पाहत पौर्णिमेची वंदना तासभर खोळंबते, तो लीडर. शब्द नीट समजून घेतला तर ही सवय किती चुकीची आहे ते दिसेल.

मूळ क्रियापद ‘लीड’. पुढे चालून दुसऱ्याला वाटेने नेणे, हा त्याचा अर्थ. भूतकाळी रूप ‘लेड’. (शिसे या धातूचे स्पेलिंग ‘लीड’सारखेच, पण उच्चार ‘लेड’. शाळकरी मुलांनी लक्षात ठेवावे.) मागून हाकणे याला इंग्रजीत ‘ड्राइव्ह’ हा वेगळा शब्द आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर गाडीवानाने लहानग्या भीमरावांना, त्यांच्या भावाला व भाच्यांना अस्पृश्य म्हणून गाडीतून नेण्याचे नाकारले. शेवटी दुप्पट भाडे ठरले. मुलांनी गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. तेथे ‘ड्राइव्ह’ बरोबर, कारण पुढे बैल होते. माणसांना मात्र हाकायचे नसते. ज्याला लीड करावयाचे तो स्वतःच्या पायांनी चालतो, हे या शब्दातच गृहीत आहे. ‘टु लीड अ लाइफ’ म्हणजे तर नुसते आयुष्य जगणे. ‘मिसलीड’ म्हणजे दिशाभूल करणे. हा शब्दही आपल्याला निवडणुकीच्या दिवसांत उपयोगी पडेल!

आपल्याकडे ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून नेता व नायक हे शब्द झाले. विनयपिटकातील ‘विनय’ही त्याच धातूचा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. त्याच वर्षी मार्चमध्ये, सांगलीच्या शेजारी कोल्हापूर संस्थानातील माणगावी परिषद भरली. तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला, असे शाहू महाराजांनी तेथे जाहीरपणे सांगितले. पण याच पुढाऱ्याने २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की, राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. स्वतःच्या अनुयायांना एवढे स्पष्ट सांगणारे पुढारी थोडेच.

तथागतांचे उत्तर याहून जुने आहे. श्रावस्तीला गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाने विचारले, तुमचे सर्वच शिष्य निर्वाणाला पोहोचतात काय? भगवान म्हणाले, काही पोहोचतात, काही नाही. असे का, तर त्यांनी राजगृहाच्या वाटेचा दाखला दिला. आपण आपल्याकडचा घेऊ. साताऱ्याच्या स्टँडवर कुणी सांगलीची वाट विचारली. आपण सांगितले, कऱ्हाडवरून सरळ खाली जा. तो गृहस्थ कऱ्हाडला पश्चिमेकडे वळला आणि पाटणला जाऊन बसला. दोष कुणाचा? भगवान म्हणाले, मी वाट दाखविणारा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हेच मांडले आहे: बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. अखेरच्या आजारात आनंदाला काळजी पडली, तेव्हाही तथागतांनी वारस नेमला नाही. संघ मी चालवितो, असे तथागताला वाटतच नाही, असे ते म्हणाले.

म्हणून तालुक्याचा लीडर आला नाही तर वंदना थांबवू नये. त्रिशरण-पंचशील एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्यामागून. त्यालाही इंग्रजीत ‘लीड’च म्हणतात. घरातील पाचवीतल्या मुलीला पाठ येत असेल तर येत्या पौर्णिमेला तिला पुढे बसवावे. आजोबांनीही तिच्यामागून म्हणावे. तिचा एखादा पाली उच्चार अडखळला तर तो वंदना संपल्यावर सांगावा, मध्येच टोकू नये.