दुसऱ्या आसनाची किंमत
लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीतून एक पाठ

लोणावळ्याजवळील भुशी हे नाव महाराष्ट्रात धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पावसाळी पाण्यामुळे सर्वपरिचित झाले आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून हे धरण बांधले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. याच परिसरात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी स्थापन झालेली आय.एन.एस. शिवाजी ही भारतीय नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. नौकेच्या बाजूला भोक पडून पाणी आत शिरू लागले किंवा यंत्रकक्षात आग लागली, तर काय करावे, याचे शिक्षण येथे जमिनीवरच दिले जाते. शिकताना चूक होणारच. त्या चुकीची किंमत प्राणाने द्यावी लागू नये, हे या शिक्षणामागील सूत्र आहे.

नौकेच्या बाबतीत हे जमिनीवर साधते. एकच वैमानिक बसू शकेल अशा वेगवान लढाऊ विमानाच्या बाबतीत ते कसे साधावे? नवशिक्याबरोबर त्याचा शिक्षकही आकाशात गेला पाहिजे आणि चूक होताच सुकाणू त्याला आपल्या हाती घेता आले पाहिजे. यासाठी बहुतेक लढाऊ विमानांची दोन-आसनी आवृत्ती तयार केली जाते. एक-आसनी विमानाचा प्रतिकृती-संच घेऊन त्याचे दोन-आसनी विमानात रूपांतर करणे हा छंद जगभर प्रचलित आहे. माध्यमिक शाळेतील कार्यानुभवाच्या तासांना आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातील प्रतिकृती-निर्मितीला तो उत्तम जोड देऊ शकतो. प्रमाण, गुरुत्वमध्य, तरफेचा नियम आणि पदार्थांचे गुणधर्म हे सर्व विषय त्यात हाताने शिकता येतात.

दोन विमाने, दोन मार्ग

रूपांतरास हात घालण्यापूर्वी अभियंत्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे आवश्यक आहे. त्यासाठी भारतीयांच्या परिचयाची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले मिग-२१. हे विमान १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाले. नाशिकजवळील ओझर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याचे अनेक वर्षे उत्पादन झाले. त्याच्या दोन-आसनी आवृत्तीत धडाची लांबी जवळजवळ पूर्वीइतकीच ठेवून दुसरे आसन पहिल्यामागे बसवण्यात आले. ही जागा धडातील इंधन आणि साधनसामग्री कमी करून मिळवावी लागली; रडार व अंगची तोफ गेली. मागे बसलेल्या शिक्षकाला समोरची धावपट्टी नीट दिसत नसे, म्हणून पुढील काळातील आवृत्तीत त्याच्यासाठी छतावर परिदर्शक बसवण्यात आला.

दुसरे सी हॅरिअर. नौदलाची ही विमाने डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाबोळी येथे आली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. इंजिनाचा झोत चार फिरत्या नळकांड्यांतून खाली वळवून जागच्या जागी उतरणारे हे विमान एकट्याने शिकणे अत्यंत कठीण होते. येथे अभियंत्यांनी उलट मार्ग स्वीकारला. नाकाकडील धड सुमारे १.२ मीटरने वाढवून त्यात दुसरे आसन बसवले आणि शिक्षकाला पुढचे दिसावे म्हणून ते उंचावर ठेवले. परंतु नाक लांब व जड झाल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकला. तो जागेवर आणण्यासाठी शेपटीकडील भाग मागे वाढवून तेथे वजन द्यावे लागले. लांब नाकामुळे विमानाची दिशा डळमळू नये म्हणून उभे शेपूटही मोठे करावे लागले. एक-आसनी सी हॅरिअरची लांबी सुमारे १४.५ मीटर, तर दोन-आसनी हॅरिअरची सुमारे १७ मीटर होती. नौदलाच्या दोन-आसनी आवृत्तीत रडारही नव्हते.

मिगने इंधन देऊन जागा मिळवली; हॅरिअरने लांबी व वजन देऊन. किंमत दोघांनाही चुकली नाही. प्रतिकृती बनवताना विद्यार्थ्याच्या लक्षात यावयाचा मुख्य मुद्दा हाच.

मोजमाप आणि आखणी

प्रत्यक्ष कामासाठी हॅरिअर अधिक सोयीचे, कारण त्यातील बदल बाहेरून स्पष्ट दिसतात. प्रतिकृतींचे सर्वाधिक रूढ प्रमाण १:७२ हे होय. १४.५ मीटर म्हणजे १४,५०० मिलिमीटर. त्यास ७२ ने भागले असता सुमारे २०१ मिलिमीटर येतात. १७ मीटरचे सुमारे २३६ मिलिमीटर होतात. म्हणजे प्रतिकृतीची एकूण लांबी साधारण ३५ मिलिमीटरने वाढते. त्यापैकी नाकाकडे घालावयाचा जोड १,२०० भागिले ७२, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर होय. ही गणिते विद्यार्थ्यांनी स्वतः करावीत. त्यानंतर दोन्ही आवृत्त्यांची बाजूची व वरची आकृती एकाच प्रमाणात काढून एकीवर दुसरी ठेवावी. कोणता भाग तसाच राहिला आणि कोणता बदलला, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

प्रत्यक्ष विमान पाहण्याची इच्छा असल्यास गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो मार्गावर १९९८ मध्ये सुरू झालेले नौदल विमान संग्रहालय आहे. तेथे सी हॅरिअर ठेवलेले आहे. शाळेच्या सहलीत या स्थळाचा समावेश करता येईल.

कापणी आणि जोड

धडाचे दोन अर्ध गोंद न लावता प्रथम नुसतेच जुळवून पाहावेत. नंतर ते चिकटवून पूर्ण वाळू द्यावेत. कॉकपिटच्या मागे आणि हवा आत घेणाऱ्या मुखांच्या पुढे कापण्याची रेषा ठरवावी. त्या रेषेवर धडाभोवती चिकटपट्टीचा वेढा द्यावा. पट्टीची कड करवतीला मार्ग दाखवते आणि काप तिरका जात नाही. बारीक दात्यांच्या करवतीने, जोर न लावता, चहूबाजूंनी थोडे थोडे कापत जावे.

मधला १७ मिलिमीटरचा जोड प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या एकावर एक चिकटवून किंवा हलक्या बाल्सा लाकडाचा तुकडा घडवून तयार करता येतो. जोडाच्या मध्यातून एक सरळ काडी आरपार घालून ती दोन्ही बाजूंच्या धडात बसवावी. तिच्यामुळे नाक आणि शेपूट एकाच अक्षावर राहतात. या कामात सर्वाधिक चुका येथेच होतात. नाक केसभर वाकडे झाले तरी पूर्ण झालेल्या प्रतिकृतीत तो दोष डोळ्यांत भरतो. जोड घट्ट बसल्यावर फटी लांबीने भराव्यात आणि वाळल्यावर पाण्याच्या काचकागदाने घासाव्यात. ओले घासल्याने धूळ उडत नाही. शेवटी करड्या रंगाचा एक पातळ हात दिला म्हणजे राहिलेल्या फटी आपोआप दिसून येतात.

कॉकपिटचा तळ दोन पायऱ्यांचा करावा. पुढे विद्यार्थी, मागे व उंच शिक्षक. दोन्ही ठिकाणी सुकाणू-दांडा अवश्य दाखवावा, कारण दोन-आसनी विमानाचे सारे प्रयोजन त्या दुसऱ्या दांड्यात आहे.

पारदर्शक छत हा सर्वांत अवघड भाग होय. संचातील छत एकाच आसनापुरते असते. लांब छतासाठी लाकडाचा साचा घडवून तो अगदी गुळगुळीत करावा. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत तो बसवून बाटलीला बाहेरून गरम हवा दिली असता प्लॅस्टिक आकसून साच्याला चिकटते. थंड झाल्यावर हवा तेवढा भाग कापून घ्यावा. उष्णतेचे हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. पात्यांचा वापरही त्यांच्या देखरेखीखालीच व्हावा आणि गोंद व रंग यांचे काम खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत करावे.

यानंतर शेपटीचा दांडा मागे वाढवून उभे शेपूट मोठे करावे. येथे एक मनोरंजक विरोध आढळतो. खऱ्या विमानात नाक जड झाल्याने मागे वजन द्यावे लागले. पोकळ प्रतिकृतीत मात्र इंजिन नाही, आसनेही हलकी. त्यामुळे वाढवलेल्या शेपटीच्या भाराने ती मागे कलंडण्याची शक्यता असते आणि नाकात शिशाचे वजन भरावे लागते. असे का होते, हा प्रश्न वर्गात विचारावा. शाळेच्या आवारातील झुलत्या फळीचे उदाहरण दिले असता उत्तर विद्यार्थीच देतात.

महागडा संच परवडत नसल्यास जाड पुठ्ठा व थर्माकोल यांची प्रतिकृतीही चालेल. प्रमाण मोठे, १:४८ घेतल्यास नाकाचा जोड बरोबर २५ मिलिमीटर येतो आणि लहान मुलांनाही तो कापता येतो.

पाठाचा अर्थ

दुसऱ्या आसनाचा प्रश्न केवळ छंदाचा नाही. मिग-२१ धावपट्टीवर उतरताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असे. प्राथमिक प्रशिक्षणाची विमाने आणि असे लढाऊ विमान यांच्यात मोठी दरी होती, आणि ती केवळ मिगच्या दोन-आसनी आवृत्तीने भरून निघण्यासारखी नव्हती. अपघात कमी व्हावेत म्हणून स्वतंत्र प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने केली. हॉक विमानांचा करार झाला तो २००४ मध्ये, आणि महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बीदर येथील हवाई तळावर ती हवाई दलात रुजू झाली ती २००८ मध्ये. मधली २६ वर्षे तरुण वैमानिकांना ती दरी स्वतःच्या कौशल्यावर व नशिबावर ओलांडावी लागली. शिकणाऱ्यासाठी जागा करण्याचा खर्च टाळला, तर तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडतो.

ओझर येथे पुढे तयार होऊ लागलेले सुखोई-३० एम.के.आय. हे विमान मुळातच दोघांचे आहे. तेथे दुसरे आसन युद्धातील कामाची वाटणी करण्यासाठी आहे. एक-आसनी सुखोई-२७ ची जी दोन-आसनी प्रशिक्षण आवृत्ती निघाली, तिच्यातूनच हा वंश विकसित झाला. शिकवण्यासाठी केलेली जागा पुढे बळ वाढवण्यासही उपयोगी पडली.

कार्यानुभवाच्या वर्गात १७ मिलिमीटरचा एक जोड कापताना विद्यार्थ्याला हे सारे लगेच उमगेल असे नाही. परंतु एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी काही मागतो, आणि ते मागणे आधीच मोजून ठेवावे लागते, हे त्याच्या हातांना कळलेले असेल. शाळेची खोली, गावची पाणीयोजना किंवा रस्ता यांचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकास या जाणिवेची गरज असते.